बर्फावरच्या उतारांचे रंग

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं आता हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला जातात. काही तर थेट ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडपर्यंत. तिथे पायाला स्की बांधायची हौस होतेच, आणि व्हावीही. पण लिफ्टमध्ये बसण्यापूर्वी उताराच्या फलकावरचा रंग वाचता आला पाहिजे.

ऑस्ट्रियात निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. निळ्याचा उतार साधारण 25 टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर मीटर आडवं गेलं की पंचवीस मीटर खाली. लाल 40 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. अमेरिकेत मात्र लाल नाहीच. तिथे हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, मग काळा डायमंड आणि सगळ्यात अवघड ठिकाणी दोन काळे डायमंड. त्यांचा निळा चौकोन साधारण 25 ते 40 टक्क्यांचा. म्हणजे ऑस्ट्रियात निळ्यावर शिकलेला माणूस अमेरिकेत निळ्यावर गेला, तर त्याच्या पायाखाली ऑस्ट्रियातला लाल उतार येतो! शिवाय अमेरिकेत हे रंग ज्याचं त्याचं केंद्र ठरवतं, त्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांशी तुलना करून. म्हणून नव्या डोंगरावर सुरुवात नेहमी एक पायरी खालून करावी.

आणि आजचा बर्फ कसा आहे, हे रंग सांगत नाही. काल दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळी त्याच निळ्या उतारावर स्कीची कडा रुतत नाही, नुसती खरवडते आणि वळण हातचं जातं. अशा दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबावं.

गुलमर्गची गोष्ट याहून वेगळी, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या अंगावर सुमारे 3,900 मीटरपर्यंत नेतो. तिथला बहुतेक डोंगर मोकळा आहे. ना आखलेली वाट, ना रंग. हिमकडे बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारावर कोसळतात, आणि तिथे असे उतार भरपूर आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू हिमकड्याखाली गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही, तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बचावपथक पोहोचणं अवघडच. काढायचं ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठिकाणा दाखवणारं संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा.

आखलेल्या उतारावरही एक नियम पाळाच: पुढे, खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी.

म्हणून गुलमर्गला जाल तेव्हा पहिले दिवस प्रशिक्षकाबरोबर खालच्या सपाट मैदानावर काढा. दुसऱ्या टप्प्यावर डोंगर पाहायला अवश्य जा, पण स्की खालीच ठेवून.