शांताबाई आपटे

पुण्याहून सोलापुराकडे जाणारी गाडी दौंड मागे टाकून करमाळा तालुक्यातील जेऊर स्टेशनावर येते. तोच लोहमार्ग पुढे कुर्डुवाडी आणि सोलापूर ओलांडून जिल्ह्याच्या पूर्व टोकाला दुधनीस पोहोचतो. येथे मराठीच्या जोडीला कानडीही कानी पडते. या दुधनीत शांता आपटे यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि गाण्याचे शौकीन होते. रुळांच्या कडेच्या त्या घरातूनच मुलीच्या गळ्यात सूर आला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी कुलीन घरची मुलगी रंगभूमीवर येणे ही साधी गोष्ट नव्हती. नाटकात नायिकेची भूमिका पुरुषच करीत आणि बालगंधर्वांच्या शालूची घडी पाहून गृहिणी आपली घडी बसवीत. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, तेव्हा बंद दाराची पहिली कडी निघाली. शांताबाई त्या दारातून आत शिरल्या १९३२ साली, भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटातील राधा होऊन.

पुढे 'प्रभात'ने त्यांना हाती घेतले. १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये प्रेक्षकांनी एक नवलच पाहिले. तोवर पडद्यावरील गाणारी नटी बहुधा खांबासारखी उभी राहून गात असे. या मुलीचे मात्र डोळे, हात, मान, सारेच गाऊ लागले. काहींना तो उथळपणा वाटला. प्रेक्षकांना मात्र तो आवडला, आणि पडद्यावरील गाणे त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखे निश्चल राहिले नाही.

तथापि त्यांची खरी भूमिका 'कुंकू'तील नीरेची. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांताराम यांनी १९३७ साली हा बोलपट काढला. मामाने फसवून एका वृद्ध विधुराशी जिचे लग्न लावून दिले, ती नीरा सासरी येते, पण ते लग्न मान्य करीत नाही. ती आकांडतांडव करीत बसत नाही. सरळ नाही म्हणते. लंपट सावत्र मुलगा अंगचटीस येऊ पाहतो, तेव्हा छडी उचलते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज, एवढ्यावर घरातील ताण उभा राहतो. त्यात शांताबाईंनी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाइली. केशवराव दाते यांच्यासारख्या कसलेल्या नटासमोर ही तरुण मुलगी तसूभर मागे हटली नाही.

नीरेची ही हट्टी वृत्ती निव्वळ पडद्यापुरती नव्हती. १९३९ साली कराराच्या वादातून शांताबाई 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणास बसल्या. जिच्या तसबिरी घरोघर लागल्या होत्या, ती नटी आपल्याच कंपनीच्या दारी उपाशी बसली, हे दृश्य लोकांना चमत्कारिक वाटले असेल. पण त्यामागील विचार साधा होता: नटी ही श्रम करणारी व्यक्ती आहे, आणि करार दोन्ही पक्षांस बांधील असतो. राजकीय लढ्याचे हत्यार मजुरीच्या प्रश्नासाठी उचलणारी ही बहुधा आपल्याकडील पहिलीच तारका. लागलीच १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक त्यांनी लिहिले. या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना त्यात झगमगाटाच्या आड चालणाऱ्या पिळवणुकीची माहिती मिळाली, आणि तीही आतल्या माणसाकडून. स्वतः प्रसिद्धीच्या शिखरावर असताना असे पुस्तक लिहिणे सोपे नसते.

'प्रभात' सुटल्यावर त्यांनी प्रांताच्या सीमा मानल्या नाहीत. १९४१ सालच्या तमिळ 'सावित्री'साठी त्या ती भाषा शिकल्या. त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. लाहोरच्या 'जमीनदार'मध्ये त्यांनी काम केले, १९४६ साली मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'तही केले. पुढची चित्रे मात्र नीरेच्या तोडीची निघाली नाहीत.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांताबाईंचे निधन झाले. त्यांची कन्या नयना आपटे यांनी पुढे मराठी रंगभूमीवर नाव मिळवले.