पडकं, मोडकं आणि परकं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं गाव गव्हाण, पनवेल तालुक्यातलं. नेरूळहून उरणकडे जाणाऱ्या लोकलला आता या नावाचं स्थानक आहे, त्यामुळे नाव तरी कानावरून गेलं असेल. गावाला ते का पडलं, या वादात मी शिरत नाही. पण मराठीत गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. साखर कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला उसाची मोळी टाकतात, तीही गव्हाणीतच. आमच्या गोठ्यात लाकडाची एक गव्हाण होती. दोन पिढ्यांच्या बैलांनी माना घासून तिची कड आरशासारखी गुळगुळीत केली होती. तिला 'झिजलेली' म्हणायचं. मोडकी नव्हे, आणि जुनाट तर नव्हेच.

शब्दांचा हा कीस मी उगाच काढत नाही. काही वर्षांपूर्वी आमचं कौलारू घर पाडून तिथं इमारत उभी करायचं भावांनी ठरवलं. शेती आधीच गेली होती. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात आमचीही. उरलं होतं ते घर, आणि घरात आई. कागद तयार झाले. त्यात एक ओळ होती, 'सदर घर जीर्ण असून राहण्यास अयोग्य आहे.' मी ती वाचून दाखवली आणि आईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "जुनं हाय, मोरकं नाय."

आमच्या आगरी बोलीत शब्दाच्या मधल्या 'ड'चा 'र' होतो. घोडा तो घोरा, मोडकं ते मोरकं. आणि पडकं घर म्हणायचं झालं तर ते होतं 'परकं घर'. लहानपणी शाळेत गुरुजी यावर हसायचे, आम्हीही हसायचो. त्या दिवशी मला काही हसू आलं नाही.

आई म्हणत होती त्यात तथ्य होतं. प्रत्येक वस्तू आपल्या परीनं म्हातारी होते आणि मराठीनं ते नीट पाहून ठेवलं आहे. कापडाचंच घ्या. आधी ते विटतं, म्हणजे रंग जातो. मग विरतं, म्हणजे धरून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो. मग फाटतं, दशा लोंबतात, शेवटी चिंध्या. पण त्याआधी एक टप्पा आहे. लुगडं वापरून मऊ झालं, की त्याचं 'जुनेर' होतं. म्हातारपणी नवं नाव मिळायचं भाग्य फार थोड्या वस्तूंना लाभतं! नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, म्हणून बाळ गुंडाळायचं ते जुनेरातच. गोधडी शिवायची तीही जुनेराचीच.

भांड्याचं वेगळं. त्याला पोचा येतो, कल्हई उडाली की आत ठेवलेलं ताक कळकतं, आणि अगदीच कामातून गेलं की ते मोडीत निघतं. दोर काचतो. सुरी बोथट होते. खाट खिळखिळी होते. लोखंड गंजतं, पुस्तकाला कसर लागते. जातं मात्र उलटं. ते वापरून गुळगुळीत झालं की बिघडलं, मग टाकीवाल्याला बोलवायचं. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असत. तो फुटला की 'खांड गेली' एवढंच म्हणत, आणि अर्धा गाव टोपल्या घेऊन धावे. आज खांड हा शब्द माझ्या नातवाला ठाऊक नाही. ठाऊक असायला बांध तरी हवा ना!

आता 'जीर्ण'. हा संस्कृतातला शब्द, आणि त्याचं गोत मोठं आहे. जरा, जर्जर हे त्याच धातूचे. आपला साधा 'जुना'ही त्याच घरातला. गंमत म्हणजे 'अजीर्ण'सुद्धा! जीर्ण म्हणजे जिरलेलं, पचलेलं. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार, तिथं या शब्दाला मान आहे. घराच्या कागदावर आला की तोच शब्द घर पाडायला निघतो. मुंबईत महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. एका आकड्याच्या फरकानं माणसं रस्त्यावर येतात किंवा घरात राहतात. अर्थात वेळेवर न दिलेल्या आकड्यानं माणसं ढिगाऱ्याखालीही गेली आहेत, हेही विसरून चालणार नाही.

आमच्या घरी आठ दिवस अबोला होता. धाकटा भाऊ चिडला, म्हणाला, एका शब्दासाठी म्हातारी अडून बसली आहे. शेवटी मी गावातल्या एका जुन्या सुताराला घेऊन आलो. त्यानं कागद पाहिलाच नाही. आईच्याच हातात काठी दिली आणि म्हणाला, "काकी, मधला खांब वाजवून बघ."

आईनं वाजवला. मग शेजारचा. मग पुन्हा मधला. वरून सागवान कसं तुकतुकीत होतं, रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. आवाज मात्र रिकाम्या डब्यासारखा. वाळवीनं आतून सगळं खाल्लं होतं. आई बराच वेळ खांबाला हात लावून उभी राहिली.

"पोकल झालाय," ती म्हणाली. पोकळ झालाय.

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. 'जीर्ण' खोडून तिथं 'पोकळ' लिहा, असा तिचा आग्रह होता. कागद करणाऱ्यानं तो काही मानला नाही. घर पाडलं त्या दिवशी ती बहिणीकडे होती. गोठ्यातली गव्हाण तेवढी तिनं आधीच हलवून घेतली होती. नव्या इमारतीच्या जिन्याखाली ती ठेवली आहे. सोसायटीच्या सभेत दर वर्षी कुणीतरी उठून विचारतं, ही अडगळ कुणाची?