वैमानिकाचा नकाशा : ताजेपणा आणि साठवण



जमिनीवर वाट चुकली तर गाडी थांबवून वाटसरूला विचारता येते. आकाशात ती सोय नाही. तेथे वैमानिकाचा वाटाड्या म्हणजे नकाशा, आणि तो अचूक असावा लागतो तितकाच ताजाही असावा लागतो.

या नकाशांचा इतिहास एका साध्या वहीपासून सुरू होतो. एल्रे जेपेसन या अमेरिकन टपाल-वैमानिकाने १९३० च्या सुमारास धावपट्ट्यांची लांबी, टेकड्यांची उंची व वाटेतील अडथळे वहीत टिपण्यास प्रारंभ केला. १९३४ पासून ही टिपणे छापून विकली जाऊ लागली. पुढे कागदांचा पसारा इतका वाढला की, प्रवासी विमानाच्या वैमानिकाची बॅग सुमारे १६ किलो वजनाची झाली. तीतील जुनी पाने काढून नवी लावणे हे कंटाळवाणे व चुकीस वाव देणारे काम होते. २०१० नंतरच्या दशकात ही बॅग टॅब्लेटवरील ॲपमध्ये सामावू लागली.

साधन बदलले, तरी शिस्त तीच राहिली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीनुसार महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या अंतराने, ठरलेल्या गुरुवारी, जगभर एकाच तारखेस अमलात येतात. ते संबंधितांच्या हाती किमान २८ दिवस आधी पडावेत, असा दंडक आहे. मधल्या काळातील तातडीच्या गोष्टी, उदाहरणार्थ बंद ठेवलेली धावपट्टी किंवा नव्याने उभी केलेली क्रेन, ‘नोटॅम’ या सूचनांद्वारे कळविल्या जातात. बदल केवळ मानवनिर्मित असतात असेही नाही. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर सरकल्यामुळे लंडनजवळील स्टॅनस्टेड येथील धावपट्टीचे क्रमांक २००९ मध्ये बदलावे लागले.

आता साठवणीचा प्रश्न. उड्डाणात इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही. म्हणून नकाशे आधीच उपकरणात उतरवून ठेवावे लागतात. नकाशा चित्ररूपात साठविला तर फार जागा लागते, कारण तपशिलाची प्रत्येक पायरी दुप्पट केली की चित्राचे तुकडे चौपट होतात. तोच नकाशा रेषा व बिंदूंच्या नोंदींच्या रूपाने साठविल्यास जागा पुष्कळ वाचते. संपूर्ण संच पुन्हा न उतरविता केवळ बदललेला भाग घेतला तर वेळही वाचतो. मात्र अंमलाच्या तारखेपूर्वी नवा संच आणि चालू संच असे दोन्ही जवळ असावे लागतात. त्यामुळे मोकळी जागा राखून ठेवणे अगत्याचे ठरते.

येथील लहानशी चूकही महाग पडते. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीच्या वैमानिकांच्या ॲपमध्ये एकाच विमानतळाचा नकाशा दोनदा नोंदला गेला. ॲप बंद पडले आणि अनेक विमाने जमिनीवरच खोळंबली. काही विमाने इंटरनेट मिळावे म्हणून प्रवेशद्वाराशी परत आणावी लागली. म्हणून जाणता वैमानिक आदल्या दिवशीच नकाशे अद्ययावत करतो, ते उघडून व मुदत पाहून खात्री करून घेतो आणि दुसरे उपकरण हाताशी ठेवतो.

या विषयाचा गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. नकाशा कितीही वेगाने अद्ययावत झाला, तरी जी गोष्ट कोणी कळविलीच नाही ती त्यात येणार कोठून? विमानतळाच्या परिसरात उंच इमारत वा मनोरा उभारण्यापूर्वी उंचीबाबत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. हा कागद केवळ उपचार नव्हे. त्यावरूनच अडथळ्याची उंची व जागा संबंधितांना कळते. परवानगीच्या अर्जावर सही करणारा पंचायत सदस्य, तो तपासणारा अधिकारी आणि उद्याच्या नागरिकाला नकाशा वाचावयास शिकविणारा शिक्षक हे सर्व या साखळीचे दुवे आहेत. जमिनीवरील नोंद वेळेवर व खरी झाली, तरच आकाशातील वाट निर्धोक राहील.