नकोसें टपाल आणि ठराविक माणूस

हिब्रू भाषेंत नको असतां येणाऱ्या ई-मेलला ‘दोआर झेवेल’ म्हणतात. ‘दोआर’ म्हणजे टपाल आणि ‘झेवेल’ म्हणजे केरकचरा. यावरून कोणी लागलीच म्हणेल कीं, इस्रायली मनुष्य मोठा रोखठोक. त्याचा साधा शब्दसुद्धां किती परखड! परंतु इंग्रजांचा ‘जंक’ हा शब्द तरी याहून सौम्य कोठें आहे? एका शब्दावरून एका अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरवून मोकळें होण्याची ही जी सवय, तिचें आणि त्या कचरा-टपालाचें नातें वरवर दिसतें त्याहून पुष्कळ जवळचें आहे.

हें नातें जुळलें तें एका विनोदी प्रवेशांत. ‘स्पॅम’ नांवाचें डबाबंद मांस १९३७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. दुसऱ्या महायुद्धांत आणि त्यानंतरच्या शिधावाटपाच्या दिवसांत इंग्लंडांतील लोकांच्या ताटांत तें इतक्या वेळां पडलें कीं, त्यांना त्याचा वीट आला. १९७० सालीं ‘मॉंटी पायथन’ या नटमंडळीनें ब्रिटिश दूरचित्रवाणीवर यावर एक प्रवेश केला. उपाहारगृहांतील जवळजवळ प्रत्येक पदार्थांत स्पॅम आहे. गिऱ्हाईक बाईला तें नको आहे. आणि शेजारीं बसलेले व्हायकिंग योद्धे स्पॅमचाच घोष करून सर्वांचें बोलणें बुडवून टाकतात. पुढें संगणकावरील अनाहूत मजकुराला हेंच नांव चिकटलें, तें या कोलाहलामुळें. त्या व्हायकिंगांच्या डोक्यांवर शिंगांचीं शिरस्त्राणें होतीं. वास्तविक व्हायकिंग लोक लढाईंत अशीं शिरस्त्राणें वापरीत, याला पुरावा नाहीं. तरीहि शिंगें दिसलीं कीं प्रेक्षक क्षणांत ओळखतो. म्हणजे नकोशा टपालाला नांव मिळालें तेंहि एका ठराविक राष्ट्रीय सोंगाच्या तोंडून!

हा उपद्रव वाढण्याचें कारण साधें आहे. कागदी पत्राला लिफाफा लागतो, तिकीट लागतें, निदान पत्ता लिहिण्याचे श्रम तरी लागतात. १९७८ सालीं एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्यानें ‘आर्पानेट’ या संशोधकांच्या जाळ्यावरील सुमारें ४०० जणांस एकच जाहिरात एकदम धाडली. तेंच या जातीचें पहिलें पत्र मानलें जातें. चारशें लोकांस पाठविणें आणि चार कोटींस पाठविणें यांच्या खर्चांत पुढें फारसें अंतर उरलें नाहीं. लाखांत एखाद्यानें उत्तर दिलें तरी पाठविणाऱ्याचें साधतें. बाकीच्यांचा गेलेला वेळ त्याच्या वहींत कोठेंच खर्चीं पडत नाहीं.

इस्रायलच्या संसदेनें, म्हणजे क्नेसेटनें, २००८ सालीं दूरसंचार कायद्यांत दुरुस्ती करून हा हिशेब बदलण्याचा प्रयत्न केला. १ डिसेंबर २००८ पासून अमलांत आलेल्या या दुरुस्तीप्रमाणें ई-मेल, फॅक्स, मोबाईलवरील संदेश किंवा आपोआप लागणारा दूरध्वनि यांवाटे जाहिरात धाडावयाची, तर सामान्यतः घेणाऱ्याची संमति आधीं मिळवावी लागते. ई-मेलच्या मथळ्यांतच ‘जाहिरात’ हा शब्द घालावा लागतो. नियम मोडणाऱ्याकडून न्यायालय, नुकसानीचा पुरावा न मागतां, प्रत्येक संदेशापोटीं १,००० शेकेलपर्यंत भरपाई देववूं शकतें. या कायद्याचा गाभा एका शब्दांत सांगावयाचा, तर तो शब्द ‘संमति’ हाच होय.

या टपालांतील एक पत्र तर जगभर चेष्टेचा विषय झालें आहे. नायजेरियांतील कोणी अधिकारी, किंवा कोणा मृत सेनापतीची विधवा, कोट्यवधि डॉलर परदेशीं हलविण्यासाठीं अपरिचिताची मदत मागते, मोठा हिस्सा देऊं करते. आणि मग ‘किरकोळ खर्चा’च्या नांवाखालीं त्याच्याचकडून पैसे उकळले जातात. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यांतील फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला ‘४१९’ असें नांव पडलें. परंतु देशाचें नांव इतकें बदनाम झाल्यावरहि हे ठक तेंच नांव कां घेतात? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागांतील कॉर्मॅक हर्ली यांनीं २०१२ सालीं नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिला. त्यांचें उत्तर असें कीं, पत्र धाडण्यास खर्च नाहीं. पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशीं पुढें बोलणें चालविण्यांत ठकाचा वेळ जातो. म्हणून संशयी मनुष्य पहिल्याच ओळीला हंसून बाजूला व्हावा, हेंच ठकास हवें असतें. नायजेरिया हें नांव म्हणजे त्याची चाळण आहे. चाळणींत उरतो तो केवळ भोळा. जगानें केलेली थट्टा ठकाच्या आड येत नाहीं, ती त्याचें काम फुकट करिते. नुकसान होतें तें लागोसच्या सचोटीच्या व्यापाऱ्याचें; कारण त्याचेंहि पत्र न वाचतांच टोपलींत जातें.

वास्तविक ठकबाजीला देश नसतो. एकोणिसाव्या शतकांत हीच कथा ‘स्पॅनिश कैदी’ या नांवानें हिंडत होती. तेव्हां श्रीमंत बंदिवान स्पेनच्या तुरुंगांत असे. खुद्द नायजेरियांत न्केम ओवोह या विनोदी नटानें २००५ सालीं एका चित्रपटांत ठकाच्याच भूमिकेंतून गाणें म्हणून परदेशी सावजाच्या लोभाची खिल्ली उडविली. ज्याच्यावर जग हंसत होतें, त्यानें जगाला आरसा दाखविला.

तो आरसा इस्रायललाहि चुकला नाहीं. तेल अवीव व आसपासच्या शहरांतील अनेक कार्यालयांतून ‘बायनरी ऑप्शन’ या नांवाचा व्यवहार चालत असे. एखादा भाव थोड्या वेळांत चढेल कीं पडेल यावरची ती पैज. आणि पुष्कळ ठिकाणीं तर ती उघड फसवणूकच. परदेशांतील लोक तींत आयुष्याची पुंजी गमावून बसले. विक्रेते खोटीं नांवें घेत आणि आपण लंडनसारख्या शहरांतून बोलत असल्याचें भासवीत. इस्रायली वृत्तपत्रकारांनींच हें बिंग फोडलें, आणि ऑक्टोबर २०१७ मध्यें क्नेसेटनें हा सारा धंदा बेकायदा ठरविला. एक ठक आपला देश पुढें करितो, कारण त्या देशाची अपकीर्ति त्याच्या उपयोगी पडते. दुसरा आपला देश लपवितो, कारण दुसऱ्या शहराची पत त्याच्या उपयोगी पडते. राष्ट्राचें नांव दोघांच्याहि हातांत मुखवटाच आहे. ‘नायजेरियन तेवढा ठक’ असें म्हणून हंसणाऱ्या इस्रायली मनुष्याला, उद्यां कोणी ‘इस्रायली तेवढा ठक’ म्हटलें, तर तें खचितच रुचणार नाहीं.

मग विनोदानें राष्ट्रांचीं व जातींचीं सोंगें आणूंच नयेत काय? याचें उत्तर इस्रायलच्याच एका विनोदकाराच्या चरित्रांत शोधतां येतें. एफ्राइम किशोन हे १९२४ सालीं बुडापेस्टला जन्मले. नाझींच्या छळछावण्यांतून वांचले आणि १९४९ सालीं इस्रायलला आले. त्यांचें मूळचें नांव फेरेन्त्स. ते स्वतः सांगत कीं, बंदरावरील कारकुनानें तें नांव ऐकून ‘असें नांवच नसतें’ म्हणत कागदावर ‘एफ्राइम’ लिहून टाकलें. एका ठरीव तक्त्यांत मनुष्य कसा कोंबला जातो, याचा त्यांना असा पहिल्याच दिवशीं अनुभव आला.

१९६४ सालीं त्यांनीं ‘सल्लाह शबाती’ हा चित्रपट काढला. अरब देशांतून मोठा परिवार घेऊन आलेला, छावणींतील झोंपडींत राहणारा, कामचुकार परंतु हिकमती असा त्याचा नायक. आणि तें काम केलें ऐन तिशींतहि न पोंचलेल्या, तेल अवीवमध्यें जन्मलेल्या खाइम तोपोल यांनीं. एका प्रसंगांत श्रीमंत देणगीदार आपल्या नांवाचें वन पाहून जातो, आणि त्याची पाठ वळतांच पुढच्या देणगीदारासाठीं तेथें दुसरी पाटी लागते. थट्टा अधिकाऱ्यांची होती, किबुत्झवाल्यांची होती, पुढाऱ्यांची होती. ऑस्करच्या स्पर्धेसाठीं नामांकन मिळालेला हा पहिला इस्रायली चित्रपट. तरीहि पुढें टीका झाली ती अशी कीं, अधिकारी चित्रगृहांतून बाहेर पडून आपल्या खुर्चींत जाऊन बसला. अरब देशांतून आलेला मनुष्य मात्र बाहेर पडला तो ‘आळशी सल्लाह’ हें नांव घेऊन. विनोद दोघांचा केला, तरी ओझें दोघांवर सारखें पडलें नाहीं.

पुढें १९९० च्या सुमारास सोव्हिएट देशांतून लाखों लोक आले. त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, वादक पुष्कळ. पण अनेकांना मिळेल तें काम पत्करावें लागलें. २००३ पासूनच्या ‘एरेत्झ नेहेदेरेत’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत त्यांच्या वांट्याला आली ती दुकानांत पैसे मोजून घेणारी, जड उच्चारांची ल्युबा. तिच्या उच्चारांवर देश हंसला. पण त्या गल्ल्यामागें एखादी पियानोवादक बसली असेल, हें किती जणांच्या मनांत आलें?

कोंकणांतून गेलेल्या बेने इस्रायलींनाहि या तक्त्याचा अनुभव आला. ‘सल्लाह शबाती’ पडद्यावर आला त्याच १९६४ सालीं ते आपल्या यहुदी असण्यावर घेतलेल्या संशयाविरुद्ध झगडत होते. विवाहासाठीं त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचा शोध घ्यावा, असा धर्मपीठाचा आदेश होता. अखेर त्या वर्षीं क्नेसेटनें त्यांची पूर्ण समानता मान्य केली. कोंकणांत हेच लोक तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्या नांवांत संपूर्ण ओळख नव्हती. पण शेजाऱ्यानें घाणा कोणत्या दिवशीं थांबतो हें निदान डोळ्यांनीं पाहिलें होतें. आदेश काढणाऱ्यांनीं तेवढेंहि पाहिलें नव्हतें.

भेद आहे तो येथेंच. नकोसें टपाल सर्वांस एकच मजकूर धाडतें, कारण तें कोणालाच ओळखत नाहीं. हलका विनोद सर्वांस एकच तोंडवळा देतो, कारण त्यालाहि कोणास ओळखावयाचें नसतें. दोन्ही स्वस्त असतात, आणि दोहोंची किंमत दुसराच भरतो. कायद्यानें टपालासाठीं संमतीची अट घातली. विनोदाला तशी अट घालतां येणार नाहीं, आणि घालूंहि नये. परंतु ज्याच्यावर हंसावयाचें त्याच्या ओट्यावर घटकाभर बसून त्याचें नांव नीट विचारून घेण्यास कोणत्या कायद्याची जरुरी आहे? नांव विचारल्यावर जें हंसूं येतें, त्यांत तोहि बहुधा सामील होतो.