गिअर अडला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

आज आम्ही गटाच्या बैठकीतली एक गोष्ट सांगणार आहोत.

आमचा पाडा तलासरीच्या आत, चढावर. गटातल्या एका वहिनीकडे सासऱ्यांच्या वेळची राजदूत आहे. भाजीची पोती डहाणूच्या बाजारात न्यायची, रात्री आजारी माणूस दवाखान्यात पोचवायचा, तर तीच गाडी. तिचा गिअर अडायला लागला. टाकला की खाडकन आवाज, आणि उभ्या गाडीचा न्यूट्रल सापडेना. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, चार हजार लागतील. वहिनीने गटाकडे कर्ज मागितलं. आम्ही म्हटलं, आधी गाडी बघू.

गाडी डबल स्टँडवर लावली. इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने हळू फिरवत गिअर टाकले. सगळे अलगद पडले. मग चाकापासून हात, पदर दूर ठेवून गाडी चालू केली, क्लच पूर्ण दाबला आणि गिअर टाकला. पुन्हा खाडकन! म्हणजे दोष गिअरचा नव्हता, क्लच पुरता सुटत नव्हता. क्लच दाबला की आतल्या प्लेटा एकमेकींपासून सुटायला हव्यात. वायर ताणून सैल झाली की त्या चिकटून राहतात, इंजिनाचा जोर गिअरवर तसाच राहतो.

वायर पाहिली, तर टोकाशी तिच्या तारा तुटलेल्या. दीडशे रुपयांत नवी वायर पडली. क्लचच्या दांडीला मुळाशी दोन नाण्यांच्या जाडीएवढी ढील ठेवली. अगदी ताणून बांधू नका, नाहीतर क्लच घसरतो, प्लेटा जळतात.

पेट्रोलमध्ये ऑइल घालतो म्हणून गिअरचं ऑइल विसरू नका. अशा टू-स्ट्रोक गाडीला ते वेगळं लागतं. चेन फार सैल असली तरी झटके बसतात. गिअरचा पायदांडा हलत असेल तर नट आवळा.

पण इंजिन बंद असतानाही गिअर अडला, चालत्या गाडीत आपोआप सुटला, किंवा काढलेल्या ऑइलात लोखंडाचे तुकडे दिसले, तर दोष आतला. तेव्हा मिस्त्रीकडेच जा, ऑइलातले तुकडे त्याला दाखवा.

वहिनीचं कर्ज लागलंच नाही. बायांनो, गाडी घरातला पुरुष चालवत असला, तरी पैसा आपल्या गटातून जातो. म्हणून गॅरेजात जाताना इतकं विचारा: इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिला का?