सैल सांध्यांचे दुखणे : तरुण वयातील एक दुर्लक्षित व्याधी



सांधेदुखी म्हटली की डोळ्यांसमोर साठी ओलांडलेली व्यक्ती येते. परंतु बारा-चौदाव्या वर्षापासूनच गुडघे, घोटे, खांदे व मनगटे दुखत असलेली मुलेमुलीही समाजात आहेत. त्यांचे सांधे सुजलेले दिसत नाहीत. रक्ततपासणीत ईएसआर आणि आरए फॅक्टर सामान्य येतात, क्ष-किरण चित्रही निर्दोष असते. मग घरात निष्कर्ष निघतो की मूल आळशी आहे, अभ्यास टाळते, लाडावले आहे. या व्याधीतील निम्मे दुःख सांध्यांचे, तर उरलेले निम्मे अशा बोलण्याचे असते.

शरीरातील हाडे, स्नायू, त्वचा व रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणाऱ्या घटकास संयोजी ऊतक म्हणतात. त्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश भाग त्याचाच असतो. हा धागा जन्मतःच सदोष विणला गेला, तर अस्थिबंध सैल राहतात, सांधा मर्यादेपलीकडे वळतो आणि त्याला सावरता सावरता भोवतीचे स्नायू थकून जातात. डेन्मार्कचे एहलर्स यांनी 1901 मध्ये व फ्रान्सचे डॅनलॉस यांनी 1908 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. त्यावरून या विकारसमूहास एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हे नाव पडले. 2017 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या, अतिलवचीक सांध्यांच्या प्रकाराचे जनुक अद्याप निश्चित झालेले नाही. म्हणून तेथे निदान हे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीवरच होते.

तपासणीची पहिली पायरी साधी आहे. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते काय, अंगठा मनगटाच्या आतील बाजूस टेकतो काय, कोपर व गुडघा सरळ रेषेच्या मागे झुकतो काय, गुडघे न वाकवता तळहात जमिनीस टेकतात काय, हे पाहून नऊपैकी गुण दिले जातात. यास बायटन गुणांकन म्हणतात. केवळ लवचीकता म्हणजे रोग नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. अनेकांचे सांधे लवचीक असतात आणि त्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. वेदना, वारंवार सांधा निखळणे, त्वचा फार ताणली जाणे, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग पडणे, घराण्यात असाच त्रास असणे यांची जोड मिळाली, तर अस्थिरोग किंवा संधिवाततज्ज्ञांकडे जावे. उंच, सडपातळ, लांब बोटांच्या मुलाची दृष्टी अधू असेल, तर मार्फन सिंड्रोमचा विचार करून हृदयाची टू-डी एको तपासणी आवश्य करावी. त्या विकारात महारोहिणी रुंदावण्याचा धोका असतो व तेथे विलंब प्राणघातक ठरू शकतो.

श्रावकाच्या नित्यक्रमात या व्याधीचा प्रश्न फार जवळून येतो. सामायिकाची 48 मिनिटे मांडी घालून एकाच स्थितीत बसणे अशा मुलीस कठीण जाते. कायोत्सर्गात उभे राहताना तिचे गुडघे नकळत मागे झुकतात आणि सारा भार अस्थिबंधांवर पडतो. गुडघे किंचित मोकळे ठेवून, आवश्यक तर भिंतीजवळ उभे राहणे हा त्यावर सोपा उपाय आहे. खुर्चीवर बसून केलेले सामायिक कमी प्रतीचे, असे मानणाऱ्यांनी तत्त्वार्थसूत्राकडे पाहावे. सोळा कारणभावनांमध्ये त्याग व तप शक्तीनुसार करण्यासच स्थान आहे. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याचा हट्ट धरण्याऐवजी डोलीने जाण्यात कमीपणा नाही. (डोलीत तरुण मुलगी बसलेली पाहून मागे वळून कुजबुजणारे यात्रेकरू मात्र प्रत्येक टेकडीवर भेटतात.)

उपवासाबाबत विशेष सावधगिरी हवी. या रुग्णांपैकी काहींना उभे राहताच छातीत धडधड होऊन भोवळ येते. निर्जल उपवासाने हा त्रास वाढतो. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास जठरास व दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडास अपाय होतो. म्हणून एकासणे किंवा चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बसवून घ्याव्यात.

हल्ली बाजारात कोलॅजेनची पावडर मोठ्या जाहिरातीने विकली जाते. ती माशांच्या अथवा जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेली असते आणि कित्येक कॅप्सूलचे आवरणही जिलेटिनचे असते. अहिंसेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी पोटात गेलेल्या कोलॅजेनचे पचनात तुकडेच होतात. जन्मजात सदोष विणीची दुरुस्ती त्याने होत नाही. डाळी, दूध, दही, ताक यांतून पुरेशी प्रथिने घ्यावीत. जीवनसत्त्व ड आणि ब-12 तपासून घ्यावे, कारण त्यांची उणीव शाकाहारी घरांत वारंवार आढळते आणि दुखण्यात भर घालते.

खरा उपचार म्हणजे स्नायूंना बळ देणे. सांधा ताणणारे व्यायाम येथे उपयोगाचे नाहीत. योगस्पर्धेत ज्या मुलीच्या लवचीकतेस टाळ्या मिळतात, तिचेच खांदे पुढे निखळू लागतात, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सांधा न हलवता स्नायू आवळण्याचे व्यायाम, पोहणे, तोल सांभाळण्याचा सराव हे सर्व अगदी हळूहळू वाढवावे लागते. परिणाम दिसण्यास महिनोन्महिने लागतात. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणात काढण्यापेक्षा रोज थोडे व ठरावीक काम करणे हितावह. मालीश हलक्या हाताने चालेल, मात्र हाडे मोडून 'बसवणाऱ्यां'च्या हाती असा सांधा देऊ नये.

काही कुटुंबे विवाहाच्या वयात निदान लपवितात. यातील अनेक प्रकारांत अपत्यास विकार मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी 50 टक्के असते आणि गरोदरपण व बाळंतपणातही विशेष काळजी लागते. लपविलेला आजार सासरी पहिल्याच वर्षी उघड होतो व दोष सुनेच्या माथी येतो. मुलाकडचा आजार मात्र 'कामाचा ताण' म्हणून खपून जातो. विवाहापूर्वी दोन्ही घरांनी जनुकीय सल्लागारापुढे एकत्र बसणे हाच सरळ मार्ग.

रोग हा बावीस परीषहांपैकी एक आहे आणि अशातावेदनीय कर्माचे स्मरण धीर देते, यात शंका नाही. परंतु तेच स्मरण रुग्णाच्या तोंडावर फेकणे म्हणजे वैयावृत्त्य नव्हे. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे व त्याचा आरंभ स्थानकातूनच होऊ शकतो : सभागृहात हात असलेल्या चार खुर्च्या पुढच्या रांगेत, जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा, आणि तेथे बसणाऱ्या तरुणास वय न विचारण्याची सवय.