पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरीचं ऐकू या

दिवाळी उरकली की आपल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातली कितीतरी घरं निम्मी रिकामी होतात. नवराबायको कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. मागे राहते आजी, गुरं, धाकटी भावंडं आणि नववी-दहावीतली मुलगी. ती पाणी भरते, भाकरी करते, जमलं तर शाळेत जाते. मुकादमाची उचल फिटेल का, आई तिकडे आजारी तर नसेल, होळीला घरी आले की आपलं लग्न तर ठरवणार नाहीत, हा घोर ती कुणापाशी बोलत नाही.

मग तिचं पोट दुखायला लागतं.

परीक्षेच्या दिवशी छाती धडधडते, पोटात गोळा येतो. पेपर झाला की ते निवतं. तेवढा ताण सगळ्यांनाच असतो. पण महिनोन्‌महिने ताण उतरलाच नाही, तर शरीर सदा जागल्यासारखं राहतं. झोप लागत नाही. भूक मरते. पाळी मागेपुढे होते. वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि आपण म्हणतो, पोर अभ्यासात कच्ची आहे. मुलगा असला तर बऱ्याचदा तो चिडतो, मारामारी करतो, गुटखा नाहीतर दारू जवळ करतो. त्याला आपण वाया गेला म्हणून मोकळ्या होतो. तसंच चालू राहिलं तर शाळा सुटते, आणि उदासी हा पुढे मोठा आजारही होऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट आधी बघायची. थकवा, अंगदुखी म्हटलं की सिकलसेल आणि रक्त कमी आहे का, याची तपासणी करून घ्या. पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे पोर नाटक करते असं नाही. तिचं दुखणं खरंच असतं. आणि सिकलसेल असलेल्या मुलांना तर दोन्ही ओझी असू शकतात. बडव्याकडे जाऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. माणसं जाणारच. पण दवाखाना त्यासाठी थांबवू नका.

दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर आशाताईला सांगा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतात, आपल्या जवळचं कुठे ते तिलाच विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. डोंगरात रेंज नसते, हे आम्हालाही माहीत आहे. बाजाराच्या दिवशी खाली उतराल तेव्हा लावा.

मात्र पोर मरणाची भाषा बोलली तर बाजाराची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवा, नाहीतर शेजारी नेऊन द्या. "बोलणारा करत नाही" हे खोटं आहे.

यंदा आमच्या गटांनी तोडीला गेलेल्या घरांची यादी केली आहे. दर आठवड्याला बैठक झाली की दोघी जणी त्यातल्या एका घरी जातात. अभ्यासाचं विचारत नाहीत. जेवलीस का, झोप लागते का, आईचा फोन आला का, एवढंच विचारतात. आईशी बोलायला आपला मोबाइल तिच्या हातात देतात आणि ओट्यावर जाऊन बसतात.